दोन ह

रुवैसमध्ये धोबी आणि कॅफेटेरियाच्या मधोमध
माझं टायपिंग सेंटर.
ऑगस्टात काचेला बाहेरून घाम फुटतो.
येणाऱ्याचा आधी हात दिसतो, मग तोंड.

त्या दिवशी आधी निळी फाईल दिसली.
मग ती, प्लांटवरच्या कोरियन इंजिनीअरची पोर.
"अंकल, शाळेच्या दाखल्यावर मंत्रालयाचा शिक्का हवाय.
तीन अर्ज. तीन देशांसाठी."

अर्ज अरबीत भरायचा असतो.
ब्योन हारम, मी टाईप केलं,
आणि कॉम्प्युटरनं, जो कधी कुणाला विचारत नाही,
पडद्यावर उमटवलं: हराम.

माझी बोटं थांबली.
आमच्या दाभोळातसुद्धा हा शब्द
भांडणाच्या शेवटी काढतात.

ती हसली. रोजच्या वापरातलं हसू.
"शाळेत मी हॅना आहे.
पहिलीत बाईंनी हजेरी घेताना
माझ्या नावापाशी वही मिटली होती."
आणि अर्थ काय त्याचा?
"आभाळानं धाडलेलं माणूस. आजोबांनी ठेवलं.
त्यांना कुठं ठाऊक, बाबांचं कंत्राट कुठं निघणार ते."

फायलीत रकाने होते, पट्टीनं आखलेले.
फी. थंडी. आठवड्याला किती तास काम करू देतात.
ग्रोनिंगन: सायकल, वारा, डच शिकावं लागेल.
हॅलिफॅक्स: समुद्र आहे, पण गोठलेला माणूस परत येतो का?
(हे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं.)
आणि तिसरा, सोल.

सोल परदेश कसा गं?
"मी दीड वर्षाची इथं आले.
आत्या म्हणते, तुझं कोरियन जेवणाच्या टेबलापुरतं.
मीठ मागता येतं, अंकल. भांडता येत नाही."

मग तिनं विचारलं, तुम्ही हा देश कसा निवडलात?

निवडला!
चिपळूणच्या एजंटाकडे दोन व्हिसे होते.
एक कुवेतचा, वेल्डरचा. एक इथला, टायपिस्टचा.
दोन्ही कामं येत नव्हती.
टायपिंगमध्ये डोळे जात नाहीत, तो म्हणाला.
मी चष्मा पुसत हे सांगत होतो
तेव्हा ती हसेल असं वाटलं.
तिनं फायलीत शेवटी एक नवा रकाना ओढला
आणि वर काहीच लिहिलं नाही.

मदरशातल्या काझीसाहेबांनी छडी घेऊन
दोन ह शिकवले होते मला.
एक घसा घासून येतो, आरशावर फुंकर घालावी तसा.
दुसरा छातीतून, डोक्यावरचा भारा
उंबऱ्यात उतरवावा तसा.
मनाई लिहितात ती पहिल्या ह नं.

मी मागे गेलो. पुसलं.
दुसरा ह घातला, त्याला काना दिला.
आता हा अरबीत कुठलाच शब्द नाही, मी म्हटलं.
नुसतं नाव आहे.

ती पडद्याकडे बघत राहिली. एसी ठिबकत होता.
"हे... बारा वर्षं करता येत होतं?"

यावर काय बोलायचं.
मी प्रिंट दिली.
जास्तीचे पैसे? तिनं पर्स उघडली.
पानाचे घेतो, म्हटलं, अक्षराचे नाही.

दोन अर्ज घेऊन गेली.
तिसऱ्यावर देशाची जागा कोरी ठेवा, म्हणाली,
उद्या येते.
बाहेर पडल्यावर क्षणभर थांबली
आणि ओल्या काचेवर बोटानं काहीतरी लिहिलं तिनं.
आतून मला उलटं दिसत होतं,
आणि सुलटं असतं तरी ती लिपी मला येत नाही.
गावाचं नाव असेल. स्वतःचंही असेल.

असरच्या नमाजापर्यंत ओघळून गेलं.
अर्ज ड्रॉवरमध्ये आहे अजून,
नाव नीट,
देशापुढे टिंबं.